मदतीचा फ्लेक्स आणि परत केलेलं अंडं



२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. वर्षावासाचे दिवस होते. रविवारची वंदना आटोपल्यावर आमच्या विहारात एक बैठक झाली. विषय साधा होता : गाझातल्या मुलांसाठी वस्तीतून वर्गणी काढून पाठवायची का? मला वाटलं, दहा मिनिटांत ठरेल. अडीच तास लागले, आणि दोन तरुण चहा न घेताच निघून गेले.

पहिला आक्षेप आला तो निवृत्त एस. टी. वाहक असलेल्या एका काकांकडून. ते म्हणाले, "आपल्या वस्तीतल्या तीन पोरांची फी भरायची राहिली आहे. आधी आपलं बघा, मग जगाचं." काकांचा मुद्दा खोटा नव्हता. फी खरोखरच राहिली होती. पण "आधी आपलं" हे शब्द ऐकले की मी सावध होतो. कारण गावानं आपल्याला पाणवठ्यावरून हाकललं तेव्हा त्यांचाही युक्तिवाद हाच होता : तळं आमचं, आधी आमच्यासाठी. 'आपलं' कुणाला म्हणायचं याची रेघ ज्याच्या हातात असते तो ती हवी तिथं ओढतो. आपण चवदार तळ्यावर गेलो ते ती रेघ पुसायला. आज आपल्या हातात खडू आला म्हणून आपणही तीच रेघ ओढायची काय? काकांना मी एवढंच म्हणालो, की फीचे पैसे आजच काढू आणि गाझाचा विषयही आजच घेऊ. ते गप्प बसले. पटलं नव्हतं, हे दिसत होतं.

खरा वाद पुढं झाला. मंडळाच्या पोरांनी फ्लेक्सचं डिझाइन आधीच करून आणलं होतं. वर रडणाऱ्या, धुळीनं माखलेल्या एका लहान मुलीचा इंटरनेटवरून उचललेला फोटो. खाली 'एक हात मदतीचा'. त्याखाली मंडळाचं नाव आणि आठ कार्यकर्त्यांचे हसरे चेहरे. मी म्हणालो, हा फ्लेक्स लागणार नाही. पोरं भडकली. "फोटो नाही लावला तर पैसे कोण देतंय, सर?"

त्यांचंही खरं होतं. फोटोशिवाय पैसे येत नाहीत. पण त्या मुलीच्या चेहऱ्याकडं बघून मला माझाच एक जुना फोटो आठवला, आणि तो मला या वादात आणल्यावाचून राहवेना.

मी सहावीत असताना शहरातल्या एका संस्थेनं आमच्या शाळेत वह्या वाटल्या. 'गरीब व होतकरू विद्यार्थी' अशी यादी निघाली. यादीतली सगळी पोरं आमच्या आणि शेजारच्या मातंग वस्तीतली. होतकरू म्हणजे काय हे तेव्हा ठाऊक नव्हतं. गरीब आणि होतकरू म्हणजे आपणच, एवढं कळलं. स्टेजवर ओळीनं उभं केलं. वह्या हातात द्यायच्या तर फोटोवाल्याचा रोल संपला. मग आम्ही तसेच दोन्ही हात पुढं करून उभे राहिलो, रोल बदलून होईपर्यंत. हात खाली घेतला की गुरुजी डोळे वटारायचे. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला : अध्यक्षांचा चेहरा स्पष्ट, आमचे हात स्पष्ट, आमची डोकी अर्धी कापलेली. वहीच्या पुठ्ठ्यावरही अध्यक्षच छापलेले. वडिलांनी काही न बोलता खाकी कागद आणून बाराही वह्यांना कव्हर घातलं. त्या वह्या मी वापरल्या, गणितं त्यांतच सोडवली. उपकार नाकारण्याची आमची ऐपत नव्हती. पण हात पुढं करून उभं राहिल्याची ती दोन मिनिटं अजून माझ्या खांद्यात आहेत.

तर मित्रहो, मदत करायची की नाही हा माझ्यापुरता प्रश्न नाही. करायचीच आहे. प्रश्न आहे तो घेणाऱ्याला उभं कुठं करायचं याचा.

योगायोग असा, की बैठकीच्या चारच दिवस आधी, २१ ऑगस्टला, पंतप्रधान पोलंडची राजधानी वॉर्सा इथं गेले होते आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी भेट दिली होती. आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर 'कोल्हापूरचा जगात डंका' फिरत होता. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हे आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतंच. आमच्या घरात तर ते जास्तच ठाऊक, कारण माझी आज्जी दहा-बारा वर्षांची असताना आपल्या आईबरोबर त्या छावणीवर अंडी विकायला जायची.

छावणीची हकीकत थोडक्यात सांगतो. १९४० आणि ४१ साली सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, तेव्हा रशियाला मित्र हवे झाले आणि जुलैमध्ये लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार होऊन या लोकांची सुटका झाली. त्यांतले बरेच जण, उपासमारीनं आणि टायफसनं निम्मे झालेले, १९४२ मध्ये इराणमध्ये पोचले. तिथून बायका, मुलं, म्हातारी माणसं इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखांत पाठवली गेली. काही मुलं जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतली. वळिवड्याची छावणी त्यापेक्षा पुष्कळ मोठी. १९४३ पासून १९४८ पर्यंत पाचेक हजार माणसं तिथं राहिली. मुख्यतः आया आणि मुलंच.

त्या छावणीत काय होतं? बराकी होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, स्काऊटची पथकं होती. आणि शाळा होत्या, प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत. शिकवायला पोलिश शिक्षक, भाषा पोलिश. छावणीचा कारभार मुख्यतः त्यांच्याच माणसांकडं आणि खर्चाचा मोठा भार लंडनमधल्या त्यांच्या सरकारवर. वॉर्सात स्मारक झालं म्हणून 'आम्ही दान केलं' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. जमीन कोल्हापूर संस्थानची, आसराही इथला, त्याचा अभिमान जरूर बाळगू. पण वळिवड्याची मुलं कुणाच्या पंगतीतल्या उरल्यासुरल्यावर वाढली नाहीत. त्यांच्या पाठीशी, बेघर का होईना, एक सरकार उभं होतं.

आज्जीची आठवण इथं जोडतो, कारण पुस्तकात ती सापडणार नाही. गावात आमच्या घरची अंडी विकत कोण घेणार? पाटलाकडं पाहुणा आला की कोंबडीच उचलून न्यायचे, आणि पैसे मागायची सोय नव्हती. छावणीवर मात्र रोख पैसे मिळायचे. तिथंही इतर गावच्या बायका आज्जीच्या आईला ओळीच्या शेवटी, अंतर ठेवून बसवायच्या. पण घेणाऱ्या बायकांना ती रांग वाचता येत नव्हती. त्या सरळ शेवटापर्यंत चालत यायच्या. आज्जी सांगायची, "मढ्यावानी पांढरी बाई, पायात धड वहाण न्हाई, पर अंडं उन्हात धरून बघायची. खराब दिसलं की परत द्यायची. आन् भाव पाडून मागायची. आई तिला शिव्या द्यायची आन् हसायची." पैसे ती बाई आज्जीच्या तळहातावर ठेवायची. वरून टाकायची नाही.

आज्जी सांगायची ती तळहाताची गोष्ट; तिला त्याचंच अप्रूप होतं, आणि का होतं हे आपल्या लोकांना सांगायला नको. तरी एका बाईच्या हातावरून मी साऱ्या युरोपाला प्रमाणपत्र देणार नाही. त्याच वर्षी, त्याच पोलंडच्या भूमीवर नाझी ज्यू मुलांना विषारी वायूच्या कोठड्यांत कोंबत होते. मला त्या गोष्टीत धरून ठेवावंसं वाटतं ते अंडं. घर गेलेली, नवरा कुठं आहे ठाऊक नसलेली एक निर्वासित बाई अंडं उन्हात धरते आणि म्हणते, हे नको, दुसरं दे. दान घेणाऱ्याला असं म्हणता येत नाही. मला वही परत देऊन 'पानं पातळ आहेत' असं म्हणता आलं नसतं. 

आता त्याच १९४३ सालाची दुसरी बाजू बघा. त्याच इंग्रज सरकारच्या हद्दीत, त्याच युद्धामुळं, बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. जपानी येतील या भीतीनं १९४२ मध्ये सरकारनं किनाऱ्याकडच्या भागांतले तांदळाचे साठे उचलले आणि हजारो होड्या जप्त केल्या, मोडल्या. होडी गेली म्हणजे मच्छीमाराचं पोट गेलं. त्यात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला, महागाई, साठेबाजी, आणि वादळ. सुमारे तीस लाख माणसं गेली असं मानतात. कोण गेले? शेतमजूर, मच्छीमार, नावाडी, गावकामगार. त्यांच्या जाती वेगळ्या सांगायला हव्यात काय? तीही युद्धग्रस्त मुलंच होती. त्यांच्यासाठी पेजेची केंद्रं निघाली, उशिरा आणि अपुरी. शाळा, नाटक, स्काऊट यांचा तर विचारही कुणाच्या मनात आला नाही. पोलिश मुलांना जास्त मिळालं अशी माझी तक्रार नाही. त्यांना मिळालं तेच प्रमाण धरायला हवं होतं. पण बंगालच्या भूमिहीनासाठी लंडनमध्ये कुणी भांडणारं नव्हतं, आणि कलकत्त्यातही फारसं नव्हतं.

वळिवड्याचीही पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या जुन्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यात त्या दिवशी काहीच बदललं नाही. त्याच बराकी, तीच मुलं, तीच शाळा. पण एका सहीनिशी ही माणसं हक्कदार होती ती आश्रित झाली. पुढं त्यांचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थांकडं गेला, आणि मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पूर्व आफ्रिका असे ते विखुरले. ज्याला जो देश घेईल तिथं. रिकाम्या बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते. आपण तिथं कापड घ्यायला जातो.

म्हणजे हक्क आणि दान यांतलं अंतर किती, तर एका सहीइतकं. बाबासाहेबांनी आयुष्यभर कायद्यात, घटनेत, लेखी शब्दांत का जीव घातला, हे मला वळिवड्याच्या या हकीकतीतून पुन्हा एकदा कळलं. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती. तिचा नवरा महार रेजिमेंटमध्ये होता आणि लढाईत गेला. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, तीही मागणी करून, भांडून. म्हातारीची पेन्शन मनीऑर्डरीनं यायची. पोस्टमन अंगठा घ्यायचा आणि निघून जायचा. कुणी तिला स्टेजवर बोलावलं नाही. रक्कम अगदी थोडी. पण ती उशिरा आली तर म्हातारी पोस्टात जाऊन भांडायची, पार मास्तरापर्यंत. युद्धग्रस्त कुटुंबाला मदत म्हणतात ती ही.

जगात युद्धग्रस्त मुलांसाठी जे काम उभं राहिलं, त्याचा उगमही भांडणातला आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावरही इंग्रजांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालू ठेवली होती आणि तिथली मुलं उपाशी मरत होती. एग्लंटाइन जेब या बाईनं १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात, सेन्सॉरची परवानगी न घेता, उपाशी मुलाच्या फोटोचं पत्रक वाटलं. तिला अटक झाली, पाच पौंड दंड झाला. तो दंड सरकारी वकिलानंच खिशातून दिला, असं सांगतात. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था निघाली. आमच्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा एकजण लगेच म्हणाला, "बघा सर, तिनंपण फोटोच लावला होता की!" अगदी बरोबर. पण तो फोटो तिनं आपल्याच सरकारच्या तोंडावर मारला होता. मूल का उपाशी आहे आणि त्याला जबाबदार कोण, हे त्या पत्रकात होतं. त्याखाली वाटणाऱ्याचा हसरा चेहरा नव्हता. फ्लेक्सवर मुलगी होती, पण तिच्या घरावर बॉम्ब कुणी टाकला याचा एक शब्द नव्हता.

जेबबाईंनी पुढं बालहक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघानं तो स्वीकारला. वंश, राष्ट्र, धर्म यांच्या पलीकडं जाऊन मुलाला जपा, असं तो म्हणतो. जात हा शब्द त्यात नाही. जिनिव्हाला तेव्हा जात दिसायचं काही कारणच नव्हतं. त्याच वर्षी, त्याच्या दोन महिने आधी, मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. नाव 'हितकारिणी', पण काम वाटपाचं नाही. ज्यांचं हित करायचं तेच सभेत सामील. पुढं १९८९ चा बालहक्क करार आला. भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला. त्याचं ३९ वं कलम युद्धात होरपळलेल्या मुलांबद्दल बोलतं, आणि त्यांना सावरायचं ते अशा वातावरणात, जिथं त्यांचं आरोग्य, स्वाभिमान आणि प्रतिष्ठा वाढेल, असं सांगतं. स्वाभिमान! हा शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे, आणि तो आपल्या चळवळीचा शब्द आहे.

आता लांब नको, गडचिरोलीच्या पलीकडं बघा. २००५ पासून छत्तीसगडात सलवा जुडूमच्या नावाखाली गावं जाळली गेली. एका बाजूला सरकारनं शस्त्र दिलेली पोरं, दुसऱ्या बाजूला माओवादी. आदिवासी कुटुंबं सीमा ओलांडून तेव्हाच्या आंध्रात, आजच्या तेलंगणात गोदावरीच्या बाजूच्या जंगलांत गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी पोरांच्या हाती असं शस्त्र देणं घटनाबाह्य ठरवलं. पण पळून आलेल्यांचं काय? संस्था गेल्या, घोंगड्या, औषधं, पाट्या-पेन्सिली वाटल्या. चांगलंच केलं. पण सीमा ओलांडल्यावर हेच लोक अनुसूचित जमातीत मोजले जात नाहीत. दाखला नाही, म्हणून वनहक्क नाही, शिष्यवृत्ती नाही, आरक्षण नाही. घोंगडी आपल्याला देता येते आणि तिचा फोटोही निघतो. दाखल्यासाठी तहसीलदाराच्या दारात वर्षभर खेटे घालायला कोण जातो? त्याचा फोटो निघत नाही.

गाझाचंही असंच. तिथल्या शाळा, दवाखाने चालवणारी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली. २०२४ मध्ये गाझातले तिचे सुमारे तेरा हजार कर्मचारी जवळजवळ सगळे पॅलेस्टिनीच होते. शिक्षक निर्वासित, विद्यार्थीही निर्वासित. वळिवड्यासारखंच. पण तिचा पैसा देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर. जानेवारी २०२४ मध्ये काही कर्मचाऱ्यांवर आरोप झाले आणि अमेरिकेसह अनेक देशांनी एका झटक्यात निधी थांबवला. बहुतेकांनी पुढं तो पुन्हा सुरू केला, अमेरिकेनं नाही. काही माणसांवरचे आरोप, आणि हात आखडला तो लाखो मुलांच्या शाळेवरून. दानाचा स्वभावच हा.

मग बैठकीत काय ठरलं? फ्लेक्स लागला नाही. चेहरे नाहीत, मुलीचाही नाही, आमचेही नाहीत. वहीत नावं आणि रकमा लिहायच्या, पावती द्यायची. वस्तीतल्या तिघांची फी त्याच दिवशी भरली. काकांनी स्वतः दोन हजार दिले. चहा न घेता गेलेल्या दोघांतला एक परत आला, दुसरा अजून माझ्याशी बोलत नाही. महिन्याभरात एकतीस हजार चारशे रुपये जमले. फोटो असता तर दुप्पट झाले असते, असं पोरं म्हणतात. असतीलही.

पैसे आम्ही मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडं दिले आणि सोबत पत्र जोडलं. पत्रात दोनच गोष्टी. एक, आमच्या पैशांनी जे काम होईल त्याचे निर्णय घेणाऱ्या समितीत तिथली, ज्यांची मुलं आहेत ती माणसं आहेत का, असतील तर किती? दुसरी, कृपया आम्हांला कोणत्याही मुलाचा फोटो पाठवू नये.

पंधरा दिवसांनी ई-मेल आला. आयकर सवलतीची पावती होती, आभार होते, आणि खाली हातात खाऊचं पाकीट धरून कॅमेऱ्याकडं बघणाऱ्या एका मुलाचा मोठा, रंगीत फोटो होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी पत्र पुन्हा पाठवलं आहे, या वेळी रजिस्टर पोस्टानं. पोचपावती आली आहे.